दूधसागर आणि मोलेचे जंगल : जाण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस सुरू झाला की पुण्या-कोल्हापूरकडच्या नातेवाइकांचे फोन सुरू होतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "दूधसागरला कधी येऊ?" त्यामागून बाकीचे येतात. नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे एकदाच नीट लिहून ठेवली आहेत. जीपचे भाडे आणि प्रवेशशुल्क मुद्दाम दिलेले नाही. ते हंगामागणिक बदलते, त्यामुळे निघण्याआधी त्या वर्षीचा दर आणि बुकिंगची पद्धत विचारून घ्या.

दूधसागर नेमका कुठे आहे? मोले वेगळे आणि दूधसागर वेगळा का?

धबधबा गोवा-कर्नाटक सीमेवर, सह्याद्रीच्या ऐन कड्यावर आहे. मोले हे गोव्याच्या धारबांदोडा तालुक्यातले गाव, पणजी-बेळगाव महामार्गावर, अनमोड घाटाच्या पायथ्याशी. आजूबाजूचे सुमारे 240 चौरस किलोमीटर जंगल म्हणजे भगवान महावीर अभयारण्य. 1969 मध्ये ते जाहीर झाले तेव्हा नाव मोलेचेच होते. त्यातल्या गाभ्याच्या 107 चौरस किलोमीटरला 1978 मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. गोव्यात अभयारण्ये सहा आहेत, राष्ट्रीय उद्यान मात्र हे एकच.

दूधसागर याच संरक्षित जंगलात येतो. तिथे जीपने जाण्याची सोय मोलेहून नाही, पाच-सहा किलोमीटरवरच्या कुळे गावातून आहे. गूगल मॅपवर "मोले" टाकून निघालेली मंडळी चौकीपाशी येऊन गोंधळतात. तुम्ही सरळ "कुळे रेल्वे स्थानक" टाका.

धबधबा किती उंच आहे? तो एवढा पांढरा का दिसतो?

उंची सुमारे 310 मीटर. पाणी एका झेपेत खाली येत नाही, चार टप्प्यांत उतरते. कडा सरळसोट नसून खडबडीत आणि तिरका आहे. त्या खडकावर आपटत उतरताना पाण्यात हवा मिसळते, फेस होतो आणि लांबून दुधाची धार दिसते. लोककथा वेगळे सांगते. डोंगरावरच्या तळ्यात स्नान करणाऱ्या राजकन्येला परका माणूस पाहतो आहे हे कळल्यावर तिने हातातले दुधाचे भांडे ओतून मध्ये पडदा केला, तोच हा धबधबा. मुलांना जीपमध्ये सांगायला ही गोष्ट छान आहे.

यायला सर्वात चांगला काळ कोणता?

ऑक्टोबर आणि नोव्हेंबर. दोन महिन्यांतच सांगायचे तर ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा.

पावसाळ्यात, म्हणजे साधारण जूनपासून सप्टेंबर अखेरपर्यंत, जीपचा रस्ता बंद असतो. वाटेतले ओहोळ दुथडी भरून वाहतात आणि गाडी पलीकडे जात नाही. पाणी ओसरले की ऑक्टोबरच्या सुरुवातीच्या दिवसांत रस्ता उघडतो. वर्षातल्या पावसावर ते ठरते, त्यामुळे तारीख कॅलेंडरात पक्की नसते. चवथ (गणेश चतुर्थी) झाली की आमच्याकडे विचारणा सुरू होते, पण दसऱ्याच्या सुमारास चौकशी करणे जास्त बरोबर.

डिसेंबर-जानेवारीत धार बऱ्यापैकी असते, पण नाताळ ते नववर्ष हा आठवडा टाळाच. जीपसाठी तासन्‌तास थांबावे लागते आणि डोहाकाठी पाय ठेवायला जागा नसते. मार्चनंतर पाणी झपाट्याने उतरते. मे महिन्यात कड्यावरून चार-दोन बारीक धारा येत असतात. मुलांच्या सुट्ट्या मेमध्येच असतात हे मला कळते, पण जुलैमधला फोटो मनात धरून मेमध्ये आलेल्या पाहुण्यांचे पडलेले चेहरे मी पाहिले आहेत. मेमध्ये यायचे असेल तर जंगलासाठी आणि डोहातल्या अंघोळीसाठी या, धबधब्यासाठी नको.

मग तो फोटोतला, पुलावरून रेल्वे जाणारा दूधसागर कधी दिसतो?

तो पावसाळ्यातला, आणि पावसाळ्यात तो बघायची रीतसर जागा एकच आहे: रेल्वेच्या डब्यातली तुमची सीट.

पुण्या-मिरजेहून बेळगाव, लोंढा, कॅसलरॉक करत गोव्यात उतरणाऱ्या गाड्या याच घाटातून येतात. कॅसलरॉक सोडले की साधारण 26 किलोमीटरचा उतार लागतो. 37 मीटर पुढे गेलो की एक मीटर उतरलो, असा चढ-उतार भारतातल्या ब्रॉडगेजवर फार थोड्या ठिकाणी आहे. वर चढणाऱ्या गाडीला म्हणूनच कुळेला जास्तीची इंजिने, ज्यांना बँकर म्हणतात, जोडावी लागतात. ही लाइन पोर्तुगीज अमदानीत 1880 च्या दशकात घातली गेली. बोगद्यांमागून बोगदे येतात, मध्येच उजेड होतो, दरीपलीकडे झाडीत एक पांढरा पट्टा दिसतो, पुन्हा अंधार. आणि मग गाडी थेट धबधब्यावरच्या पुलावर असते. खिडकीतून तुषार आत येतात, आवाजाने शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. मिनिटभराचा खेळ, पण जीपने जाऊन दिसतो त्यापेक्षा हा देखावा पूर्ण वेगळा. रेल्वेतून तुम्ही धबधब्याच्या मध्यावर असता. जीपने गेलात तर पायथ्याशी डोहाकाठी उभे राहून मान वर करून तोच पूल बघता.

एकच सूचना: दिवसाउजेडी घाटातून जाणारी गाडी निवडा. रात्रीच्या गाडीने आलात तर कानांनीच धबधबा बघावा लागेल. आणि दारात लोंबकळू नका. बोगद्याची भिंत डब्यापासून फार लांब नसते.

रुळांवरून चालत गेलो तर काय बिघडते? पूर्वी सगळे जायचे ना?

जायचे, खरे आहे. आजही व्हिडिओ बघून दरवर्षी तरुण मुले येतात, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट कायद्याची. रुळांवरून चालणे हा रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. जुलै 2023 मध्ये एका रविवारी शेकडो ट्रेकर घाटात उतरले. त्यांना अडवून उठाबशा काढायला लावल्याचे व्हिडिओ देशभर फिरले. तेव्हापासून पावसाळ्यात बंदोबस्त कडक असतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. त्या वाटेवर बाजूला व्हायला जागा नाही. एका अंगाला कापलेला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी, मध्ये रूळ. बोगद्यात तर भिंत आणि डबा यांच्यामध्ये माणूस कसाबसा मावतो. धो-धो पावसात, पाण्याच्या गर्जनेत, वळणामागून येणाऱ्या गाडीचा आवाज ऐकू येत नाही. उतारावरची गाडी ब्रेक लावला म्हणून जागच्या जागी थांबत नाही. शिवाय डोंगर स्वतःच पावसात सुटतो. 23 जुलै 2021 रोजी मंगळुरूहून मुंबईला जाणारी गाडी दूधसागर ते सोनावळी या घाटातल्या स्थानकांदरम्यान दरड कोसळून रुळांवरून घसरली. शंभराहून अधिक टनांचे इंजिन जिथे घसरते तिथे रेनकोट घातलेल्या पोरांचा काय पाड?

दूधसागर आणि सोनावळी इथे गाडी तांत्रिक कारणासाठी थांबली तरी पर्यटकांना उतरायची परवानगी नाही. "सगळे उतरतायत" म्हणून उतरू नका.

कुळेला पोहोचायचे कसे?

पणजीहून फोंडामार्गे साधारण 60 किलोमीटर, पावणेदोन तास धरा. मडगावहून सावर्डेमार्गे सुमारे 40. फोंड्याहून कदंबा बस मिळते, पण सकाळी लवकर पोहोचायचे असेल तर बसवर विसंबू नका. रेल्वेने यायचे तर वास्को-मडगाव-कुळे मार्ग आहे. कुळे स्थानकातून जीपचा तळ चालत जाण्याइतका जवळ आहे.

कुळेला सकाळी आठच्या आत हजर राहा. हा माझा सर्वात कळकळीचा सल्ला. गर्दी नऊनंतर लोंढ्याने येते, कारण किनाऱ्यावरच्या हॉटेलांतून निघालेल्या बसगाड्या तेव्हा पोहोचतात. लवकर गेलेल्याला रांग कमी, ऊन कमी आणि पक्षी जास्त.

स्वतःची गाडी किंवा बाइक धबधब्यापर्यंत नेता येते का?

नाही. फोर-व्हील ड्राइव्ह असली तरी नाही. नोंदणी झालेल्या स्थानिक जीपच आत जातात.

जीपचा प्रवास कसा असतो?

एका जीपमध्ये सात जण बसतात. एकटे-दुकटे असाल तर तळावर इतरांसोबत जीप भरून मिळते. जरा थांबावे लागते, एवढेच. लाइफ जॅकेट तिथेच चढवावे लागते आणि ते परत येईपर्यंत तुमचे.

एका बाजूचे अंतर दहा-बारा किलोमीटर असले तरी पाऊण तास सहज लागतो. गावाची शेवटची घरे मागे पडली की पहिला ओहोळ येतो. ड्रायव्हर गिअर टाकतो, गाडी पाण्यात उतरते, चाके अर्धी बुडतात आणि तळाचे गोटे टायरखाली सरकल्याचे सीटपर्यंत जाणवते. ऑक्टोबरमध्ये फूटबोर्डवर पाणी येते, तेव्हा बॅग मांडीवर घ्या. असे ओहोळ एकाहून अधिक आहेत. त्यानंतर तांबड्या मातीचा खाचखळग्यांचा रस्ता. कोरड्या दिवसांत पुढच्या जीपची धूळ सगळी तुमच्या तोंडावर, म्हणून एक रुमाल हाताशी ठेवा.

जीप जिथे थांबते तिथून पंधरा-वीस मिनिटे चालायचे आहे. वाट झाडीतून, मुळांवरून आणि मोठमोठ्या दगडांवरून जाते. डोहाकाठी थांबायला साधारण तास-दीड तास मिळतो. ड्रायव्हर वेळ सांगतो ती पाळा. तुमच्यामुळे त्याची दुसरी फेरी चुकली तर त्याच्या दिवसाच्या कमाईला खार लागते. कुळेतली कितीतरी घरे या सात-आठ महिन्यांच्या हंगामावर वर्ष काढतात.

आई-वडील सत्तरीचे आहेत. त्यांना नेऊ का?

गुडघे आणि पाठ ठीक असतील तर न्या. कंबरेचा, मणक्याचा त्रास असेल तर जीपचे धक्के सोसणार नाहीत, आणि शेवटच्या दगडांवर काठी टेकायलाही सपाट जागा नसते. गरोदर बायकांनी जाऊच नये. लहान मुलांना नेता येते, पण शेवटच्या टप्प्यात त्यांचा हात सोडू नका.

डोहात पोहता येते का?

जीवरक्षक सांगतील त्या भागात, लाइफ जॅकेट घालून, हो. दोरी किंवा खुणेच्या पलीकडे नाही. काठाशी पाणी गुडघाभर असते आणि दोन पावलांवर तळ एकदम सुटतो. दगडांवर शेवाळ असते. जिथे धार पडते तिथे पाणी खाली ओढते आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही ते आवरत नाही. दारू पिऊन येणाऱ्यांना तर कुणी आत सोडूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गोव्यातल्या धबधब्यांवर बुडून गेलेली बहुतेक मुले तरणीताठी असतात आणि बातमीत पुन्हा पुन्हा तेच लिहिलेले असते: खोलीचा अंदाज आला नाही.

साबण, शाम्पू, डबा, प्लास्टिकची बाटली: इतकी तपासणी कशासाठी?

कारण हे पाणी आम्ही पितो.

दूधसागरची नदी पुढे खांडेपार नदी होते, आणि मांडवीला मिळण्याआधी फोंड्याजवळ ओपा इथे तिचे पाणी उचलले जाते. फोंडा आणि तिसवाडी तालुक्यांना, म्हणजे राजधानी पणजीलाही, नळाने जाते ते हेच पाणी. तुम्ही डोहात शाम्पूची पुडी फोडलीत तर फेस दोन मिनिटांत दिसेनासा होतो, पण तो नाहीसा होत नाही, खाली जातो. पणजीच्या हॉटेलात संध्याकाळी तुम्ही जो नळ उघडता, त्याचे उगमाकडचे टोक सकाळी तुमच्या पायाखाली होते. आमच्याकडची शाळकरी मुले या नदीवर निबंध लिहितात, पण बाहेरून येणाऱ्या पाहुण्याला हे कुणी सांगत नाही, म्हणून मी प्रत्येकाला सांगतो.

तेव्हा साबण नको, तेल लावून पाण्यात उतरणे नको, चिप्सची पाकिटे नकोत. पिण्याचे पाणी स्टीलच्या बाटलीत आणा. पोटभर न्याहारी कुळेतच करा. भाजी-पाव, ऑम्लेट-पाव, चहा सगळे मिळते. परतल्यावर शीत-कडी (भात आणि आमटी) आणि नुस्त्याचे (माशांचे) ताटही मिळते.

माकडे त्रास देतात का?

तुमच्या हातात खाऊ असेल तर देतात. पर्यटकांनीच त्यांना वर्षानुवर्षे केळी-बिस्किटे चारून धीट केले आहे. पिशवी हिसकावली तर सोडून द्या, ओढाताण केलीत तर चावा मिळेल. आणखी एक: उन्हाळ्याच्या तोंडावर या पट्ट्यात गोचिडींमुळे माकडताप होऊ शकतो. शेजारच्या सत्तरी तालुक्यात 2015 पासून त्याचे रुग्ण सापडले आहेत. पालापाचोळ्यात बसू नका, मेलेल्या माकडाजवळ जाऊ नका, आणि जंगलातून गेल्यावर आठवड्याभरात जोराचा ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचे आवर्जून सांगा.

प्राणी दिसतील का?

जीपच्या रस्त्यावर फार अपेक्षा ठेवू नका. इतक्या गाड्यांच्या आवाजात प्राणी थांबत नाहीत. पण जंगल भरलेले आहे. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी इथे चांगल्या संख्येने आहे. सांबर, भेकर, बिबट्या, शेकरू, नागराज, धनेश आहेत. पिवळ्या अंगाचा, काळ्या डोक्याचा आणि गळ्याशी लालसर छटा असलेला बुलबुल दिसला तर नीट बघून घ्या, तो गोव्याचा राज्यपक्षी. फुलपाखरांसाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. ओहोळाकाठच्या ओल्या मातीवर ती थव्याने बसलेली असतात.

प्राणी-पक्षी बघायचेच असतील तर एक रात्र मोले, कुळे किंवा साकोर्डा परिसरात मुक्काम करा. छोटी लॉज आणि घरगुती निवास आहेत. पहाटे स्थानिक मार्गदर्शकाला घेऊन पायी फिरा. मोले चौकीजवळ वनखात्याचे निसर्ग माहिती केंद्र आहे, आतल्या वाटांच्या परवानगीची चौकशी तिथे करा.

वाघ आहे का?

या डोंगररांगेत आहे. दिसण्याची शक्यता नसल्यात जमा. जानेवारी 2020 मध्ये जवळच्या म्हादई अभयारण्यात, सत्तरीतल्या गोळावलीला, वाघीण आणि बछडे मिळून चार वाघ विषबाधेने मेलेले सापडले. गोवाभर हळहळ झाली. जुलै 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई आणि लगतचे संरक्षित जंगल व्याघ्र प्रकल्प म्हणून जाहीर करण्याचा आदेश दिला आणि राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. बाहेरून येणाऱ्यांना वाटते गोव्यात फक्त समुद्र. आमचे निम्मे वाद डोंगराचे आहेत.

"मोले वाचवा" हे काय होते?

2020 साली या जंगलातून तीन कामे एकाच वेळी निघाली: रेल्वेचे दुपदरीकरण, महामार्गाचे चौपदरीकरण आणि उच्चदाबाची वीजवाहिनी. कोविडचे दिवस असूनही विद्यार्थी, वकील, चित्रकार, शास्त्रज्ञ, गावकरी असे सगळे विरोधात उभे राहिले. नोव्हेंबर 2020 च्या सुरुवातीला चांदर इथे हजारो लोक रात्रभर रुळांपाशी मेणबत्त्या घेऊन बसले. 9 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे या टप्प्यातल्या दुपदरीकरणाला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मान्यता रद्द केली. तुम्ही ज्या घाटातून खिडकीत बसून येता, तो आज एकेरी रुळांचा आहे यामागे ही लढाई आहे.

बरोबर काय घ्यावे?

पकड असलेल्या चपला किंवा बूट, साध्या स्लिपर नकोत. कपड्यांचा जोड, पंचा, रोख पैसे. आत नेटवर्क जाते, तेव्हा यूपीआयवर राहू नका. ऑक्टोबरात जळवा असतात, पायाला मीठ-हळद लावणारे लावतात. चिकटलीच तर ओढून काढू नका, नखाने तोंड सोडवा.

एवढे येऊन जीप बंद निघाली तर? किंवा अर्धा दिवस उरला तर?

अवकाळी पावसाने रस्ता अचानक बंद होतो, तेव्हा दुसरा बेत हाताशी असू द्या. माझी पसंती तांबडी सुर्ल्याच्या महादेव मंदिराला. याच अभयारण्याच्या कुशीत, ओहोळाकाठी, बाराव्या-तेराव्या शतकातले कदंबकालीन काळ्या दगडाचे छोटेसे देऊळ आहे. त्या काळातले इतके शाबूत राहिलेले देऊळ गोव्यात दुसरे नाही. आत छताच्या मधल्या कमळाकडे आणि खांबांच्या कोरीव कामाकडे निवांत बघा. पूजा चालू असते, तेव्हा कपडे आणि आवाज त्याला साजेसे ठेवा.

लहान मुले असतील तर बोंडला. छोटे अभयारण्य आणि प्राणिसंग्रहालय आहे, गुरुवारी बंद असते. पावसाळ्यात आला असाल आणि धबधबाच हवा असेल तर साखळीजवळचे हरवळे: रुद्रेश्वराच्या देवळाशेजारी, गाडी थेट जाते, पायऱ्यांवरून बघता येते, आणि जवळच कोरीव गुंफा आहेत. नेत्रावळीचा सावरी धबधबाही सुंदर, पण पावसात तिथे जायचे तर आधी वनखात्याच्या चौकीत विचारा. जोराच्या पावसात बंदी असते, आणि बंदी असेल तर गावातली बुडबुड्यांची तळी बघून परत फिरा.